मुक्तिदाता व्हायचंय? मग घाई करू नका

गुलामगिरी बंद करण्याचा विचार तुमच्या मनात आला असेल, तर अभिनंदन. चौकातला पुतळा पक्का. फक्त भावनेच्या भरात कुणाला लगेच सोडून देऊ नका. अमेरिका खंडात हे काम ज्यांनी निभावून नेलं, त्यांचे धडे आधी नीट गिरवा.

गुलाम स्वतः सुटायच्या आत तुम्ही त्यांना सोडलं पाहिजे. हैतीत फ्रेंचांना उशीर झाला. ऑगस्ट १७९१ मध्ये गुलाम उठले, उसाचे मळे पेटले, आणि १७९३ मध्ये फ्रेंच आयुक्ताला मुक्तीचा जाहीरनामा काढावा लागला. पुढे नेपोलियनने पाठवलेली फौज पिवळ्या तापाने आणि माजी गुलामांनी मिळून संपवली. अशा ठिकाणी पुतळा तुमचा होत नाही. पण वसुली होते! १८२५ मध्ये फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवून स्वतंत्र हैतीकडे मळेवाल्यांच्या नुकसानीचे १५ कोटी फ्रँक मागितले. नंतर त्याचे ९ कोटी झाले, आणि त्यापायी काढलेल्या कर्जांचं ओझं १९४७ पर्यंत पुरलं. घरफोडी करणाऱ्याने तुटलेल्या पहारीचे पैसे घरमालकाकडून घ्यावेत, तसं हे.

ब्रिटिशांची रीत जास्त सभ्य. जमैकात १८३१ च्या नाताळात सॅम्युएल शार्प नावाच्या गुलामाने, जो बाप्टिस्ट उपदेशकही होता, आपल्या लोकांना सांगितलं की सुट्टी संपल्यावर मजुरी मिळाल्याशिवाय ऊस तोडायचा नाही. संपाचं बंड झालं. तीनशेहून जास्त गुलामांना जिवे मारण्याची शिक्षा झाली; शार्पला मे १८३२ मध्ये माँटेगो बेच्या बाजारात फासावर दिलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या संसदेची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली. या दोन गोष्टींचा संबंध जोडू नका. विल्बरफोर्स आणि क्लार्कसन या गुलामगिरीविरोधी चळवळीच्या इंग्रज पुढाऱ्यांनी आयुष्यं खर्ची घातली, बायकांनी गुलामांच्या हातची साखर सोडली, घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. हे सगळं खरंच आहे, म्हणून तर पुढे करायला सोयीचं.

आता भरपाई. ती मोकळ्या हाताने द्या: दोन कोटी पौंड, म्हणजे सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के. मालकांना, अर्थात. तुम्हाला काय वाटलं? तक्त्याचा नमुना बघून ठेवा. मुकादम, कारागीर, शेतमजूर, घरगडी, सहा वर्षांखालची मुलं, आणि तळाला म्हातारे, आजारी, कामातून गेलेले. प्रत्येक रकान्याचा भाव वेगळा, वसाहतीगणिकही वेगळा; ब्रिटिश गयानातला माणूस जमैकातल्या माणसापेक्षा महाग. त्या माणसाच्या हातात किती पडणार, याचा मात्र रकाना नाही. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटनने २०१५ मध्ये फेडला. तोवर जमैकाहून आलेल्यांची नातवंडंही तिथे कर भरत होती, म्हणजे आपल्या खापरपणज्याच्या मालकाची भरपाई त्यांच्याही खिशातून गेली.

शिवाय १ ऑगस्ट १८३४ ला 'मुक्त' झालेल्यांना लगेच मोकळं सोडायचं नसतं. त्यांना 'शिकाऊ उमेदवार' म्हणा आणि आठवड्याला ४५ तासांपर्यंत फुकट राबवा. ज्यांची हयात ऊस तोडण्यात गेली, ते आता ऊस तोडायला शिकतील.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत श्रेय लिंकन यांचं, वाद नको. उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटल्यावर मे १८६१ मध्ये तीन गुलाम पळून उत्तरेच्या ताब्यातल्या मन्रोच्या किल्ल्यात आले आणि तिथल्या सेनापतीने त्यांना 'शत्रूचा जप्त माल' ठरवून ठेवून घेतलं, मग मागून हजारोंची रीघ लागली, सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले, हा तपशील तळटीपेत ढकला. गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती करताना 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून सोडून' एवढी फट ठेवा. नंतर दक्षिणेतल्या राज्यांनी तीच वापरून कैदी मळ्यांना आणि खाणींना भाड्याने दिले. प्रशस्तिपत्र हवं असेल तर पुण्याहून मिळेल: १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' संयुक्त संस्थानांतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. तो टोला खरं तर इथल्यांना होता, तेवढं सांगू नका.

ब्राझीलने सगळ्यात शेवटी, १३ मे १८८८ ला कायदा केला. साओ पावलोतले मळे आधीच रिकामे होत होते, आणि पळालेल्यांना धरून आणायला लष्करही नाखूश होतं. राजकन्या इझाबेलने सोन्याच्या लेखणीने सही केली. कायद्याची कलमं दोन: गुलामगिरी संपली, विरोधी कायदे रद्द. जमीन, घर, मजुरी यांचा उल्लेखही नाही. मसुदा असा आटोपशीर हवा.

राहता राहिली मळे ओस पडण्याची धास्ती. त्यावर तोडगा जॉन ग्लॅडस्टन यांचा, म्हणजे पुढे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचे वडील. त्यांनी लाखाहून जास्त पौंडांची भरपाई घेतली आणि कलकत्त्याहून मजूर मागवले. 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही जहाजं मे १८३८ मध्ये गयानाला लागली. करार पाच वर्षांचा. शिकाऊ उमेदवारांची सुटका व्हायला तेव्हा जवळजवळ तीन महिने बाकी होते, सबब जहाजांची सोय आधी बघा आणि मुक्तीचं भाषण मागाहून लिहायला घ्या.