‘आत आहेत म्हणजे गुन्हेगारच’ : पॅरिशमध्ये फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

येरवडा कारागृहातल्या बंद्यांसाठी पॅरिशने, म्हणजे आपल्या चर्चच्या स्थानिक समुदायाने, काही करायचं म्हटलं की ग्रुपवर हा मजकूर हमखास फिरू लागतो : “आत आहेत ते गुन्हेगारच. सरकार त्यांना फुकट वकील देतं. जामिनाला मदत म्हणजे गुन्हेगार मोकाट सोडणं. चर्चने प्रार्थना करावी, कोर्टकचेरीत पडू नये. आणि पीडितांचं काय?” पाठवणारे आपलेच लोक आहेत, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

“आत आहेत ते गुन्हेगारच.” राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतले तीन. कच्च्या कैद्याचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नसतो. आदिवासींसाठी काम करणारे धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी आठवा. पुण्याच्या विश्रामबाग पोलीस ठाण्यात नोंदलेल्या गुन्ह्यातून पुढे वाढत गेलेल्या एल्गार परिषद प्रकरणात त्यांना ८ ऑक्टोबर २०२० ला अटक झाली आणि ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच त्यांचं निधन झालं. खटला सुरूच झाला नव्हता. त्यांना गुन्हेगार म्हणायला आपल्यापैकी बहुतेकांची जीभ रेटत नाही. मग कायद्याने अगदी त्याच जागी उभ्या असलेल्या, कुणी नावही न ऐकलेल्या पोराला कशाच्या आधारावर म्हणायचं?

“सरकार फुकट वकील देतं.” हे खरं आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, हा हक्क देतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात आहे, हेल्पलाइन १५१०० आहे. पण वकील जामिनाचा आदेश मिळवतो. जामीनदार शोधणं आणि त्याचे कागद जमवणं घरच्यांवर येतं, आणि ज्याचं घर पुण्याबाहेर, त्याचं तिथेच अडतं.

“जामिनाला मदत म्हणजे गुन्हेगार मोकाट.” जामिनावर सुटलेल्याचा खटला संपत नाही. त्याला प्रत्येक तारखेला हजर राहावं लागतं, नाहीतर वॉरंट निघतं. आणि जामीन द्यायचा की नाही हे न्यायाधीश ठरवतात, पॅरिश नाही. आदेश झाल्यावरही माणूस केवळ गरीब म्हणून आत राहतो, तिथून आपलं काम सुरू होतं.

जामीनदाराकडे साधारणपणे आधार, रेशन कार्ड, फोटो आणि ऐपतीचा पुरावा मागतात. हा पुरावा म्हणजे पगारपत्रक, सात-बारा, घरपट्टीची पावती, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. अर्ध्या वेळा गाडी नावावर अडते : आधारवर एक स्पेलिंग, रेशन कार्डावर दुसरं. कोर्टात जाण्याआधी सगळे कागद शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा. भाडोत्री जामीनदाराला पॅरिशच्या निधीतला एक रुपयाही देऊ नका. कागद बनावट निघाले की जामीन जातो आणि नवा गुन्हा मागे लागतो. पॅरिशमधल्या कुणी स्वतः जामीन राहायचं ठरवलं, तर आरोपी हजर झाला नाही तेव्हा ती रक्कम आपल्याकडून वसूल होऊ शकते, हे सही करण्याआधी घरात बोलून घ्यावं.

त्याआधी एक गोष्ट तपासायची : दुसऱ्या कुठल्या पोलीस ठाण्यात गुन्हा आहे का? असेल आणि त्यात जामीन नसेल, तर इथले पैसे भरूनही दार उघडत नाही. घरच्यांना बहुतेक वेळा हे कुणी सांगितलेलंच नसतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच मोतीराम प्रकरणात एका गवंड्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर, म्हणजे हजर राहण्याच्या लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. खालच्या न्यायालयाने १०,००० मागितले होते आणि परजिल्ह्यातला जामीनदार नाकारला होता. त्याच न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाने पुढचं वेळापत्रकही घालून दिलं. जामिनाच्या आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. म्हणून जामिनाच्या आदेशाची तारीख लिहून ठेवा आणि आठव्या दिवशी सचिवांकडे लेखी विचारणा करा. केंद्राच्या २०२३ च्या गरीब बंदी साहाय्य योजनेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंतची तरतूद ठेवली गेली. तिचा रस्ताही याच सचिवांच्या टेबलावरून जातो. आधी ती मागायची, पॅरिशची वर्गणी नंतर.

फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम ४७९ सुद्धा वाचून ठेवावं. आधी कधीच कुठला गुन्हा सिद्ध न झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला जामिनावर सोडायचं असतं. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असली, तर हा लाभ जातो. मोबाइलचोरीच्या दोन तक्रारी असलेला पोरगा इथेच गळतो, आणि आमच्या मते हा या कलमातला मोठा दोष आहे.

“चर्चने प्रार्थना करावी.” करावीच. पण मत्तयच्या २५ व्या अध्यायात प्रभू विचारतो ते भेटीला आलात का, एवढंच. बंदी निर्दोष असावा अशी अट तिथे नाही. आत जायचं तर लेखी परवानगी लागते. सोबत धर्मप्रचाराची पत्रकं नेऊ नयेत, आणि मदत करताना कुणाचा धर्म विचारू नये.

“पीडितांचं काय?” या मेसेजमधला हा सर्वांत रास्त प्रश्न. खटला रखडला की पीडितही तारखा मोजत राहतो. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे. शिवाय पीडित भरपाईची कायदेशीर तरतूद आहे आणि आरोपी सापडला नाही तरी तिच्याखाली अर्ज करता येतो. दोन्ही अर्ज त्याच शिवाजीनगरच्या कार्यालयात जातात. एफआयआरची प्रत, वैद्यकीय कागद, बँक खात्याचा तपशील हे सगळं तिथेही जुळवावंच लागतं. पॅरिशमधले जे दोन-तीन जण जामिनाचे कागद लावायला शिकतील, त्यांनी हा अर्जही त्याच आठवड्यात शिकून घ्यावा.