पाहुणे नंतर बोलवा, आधी भिशी लावा

15 ऑक्टोबर आला की वाचनकट्टे जागे होतात. वाचन प्रेरणा दिनाचा बॅनर, पाहुणे, नारळ, आभारप्रदर्शन. नोव्हेंबरात त्याच हॉलचं कुलूप उघडायलाही कुणी फिरकत नाही. लोकांना नावं ठेवू नका, ऐकण्यापलीकडे तुम्ही त्यांना काही कामच दिलं नव्हतं. व्याख्यानांशी वैर नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून भरते. पण तो श्रोत्यांचा कारभार. वाचणाऱ्यांचा गट हवा असेल तर पुस्तक भिशी लावा.

बारा जण, महिना 200 रुपये, दुसरा रविवार पक्का. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने 2400 ची स्वतःच्या आवडीची पुस्तकं घ्यायची आणि पुढच्या बैठकीत त्यातल्या एकावर दहा मिनिटं बोलायचं. पुस्तकं त्याचीच, पण वर्षभर गटात फिरतात. सवलत मिळते म्हणून आयोजकाने सगळ्यांची खरेदी अंगावर घेऊ नये. निवड त्याची होते आणि बाकीचे पुन्हा श्रोते.

भिशी बुडते ती लवकर लागलेला माणूस हप्ते थांबवतो तेव्हा. म्हणून पहिल्या तीन चिठ्ठ्या जुन्या ओळखीतल्यांच्याच काढा. नवख्यांची चिठ्ठी तीन हप्ते भरल्यावर डब्यात.

पैशापेक्षा जास्त माणसं लाजेपायी गळतात. पुस्तक वाचून झालेलं नसतं, मग "घरी पाहुणे आलेत" असा मेसेज येतो, पुढच्या महिन्यात तोही नाही. यावर एकच उपाय चालतो: न वाचता यायची उघड मुभा. कुठल्या पानावर थांबलात आणि का, एवढंच सांगायचं. चाळिसाव्या पानावर कंटाळलेल्या माणसामुळे जी चर्चा पेटते ती "अप्रतिम, सर्वांनी वाचावं" म्हणणाऱ्यामुळे कधीच पेटत नाही. माइक नको, व्यासपीठ नको, सतरंजीवर गोल बसा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये 1024 माणसं मावतात म्हणून भरायची नसतात. तिथे तारीख, कुणाचं घर, कुठलं पुस्तक कुणाकडे, एवढंच. सुप्रभात सुरू झालं की कामाचे मेसेज वर सरकून जातात आणि पुस्तकं हरवायला लागतात.

रजिस्टर, हप्ते, जागा ही तीन कामं तिघांकडे ठेवा आणि दर चार महिन्यांनी फिरवा. आयोजकाने मुद्दाम एका महिन्याला दांडी मारावी. बैठक झाली नाही तर अजून तुमचे श्रोतेच जमलेत.

तेरावा माणूस आला तर त्याला थोपवून धरा, आणखी चार-पाच होऊ द्या. मग जुन्यांतले दोघे सोबत देऊन दुसरी भिशी लावा. रजिस्टर मात्र नवं घ्या, जुन्यातली पानं फाडून देऊ नका.