पुळणीवरच्या चाकोऱ्या

नमस्कार. कोकणातल्या ऑफरोडिंगवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं पत्र आलं. उत्तराला आठवडा लागला, माफ करा.

'दीड कोटीच्या गाडीत बसून बटणं दाबायची, याला ऑफरोडिंग म्हणत नाहीत. आणि पुळणीवर गाडी घालताना लाज वाटली नाही? एवढीच हौस असेल तर सड्यावर, त्या पठारावर फिरवा, तिथे नुसता कातळ आहे,' असं तुम्ही लिहिलंत.

बटणांचं अर्धं खरं. ती गाडी, लँड रोव्हरची डिफेंडर, माझी नाही, मेव्हण्याची. एअर सस्पेन्शन, म्हणजे गाडी उचलून धरणारी हवेची यंत्रणा, असेल तर ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते म्हणे. आमच्या पऱ्याला गुडघाभरही पाणी नव्हतं, तरी मी आधी काठी घेऊन उतरलो आणि तळ चाचपून आलो. खड्डा कुठे आहे ते बटणाला कळत नाही. पुढच्या उतारावर जांभ्याचे सुटे खडे होते, मोहरीवर पाय पडावा तशी चाकं सटकत होती. तिथे मात्र गाडीनेच ब्रेक सांभाळत खाली आणलं. त्यात माझं कौशल्य शून्य.

आंजर्ल्याच्या पुळणीबद्दल तुम्ही बोललात ते मुकाट ऐकून घेतो. टायरची हवा ३५ वरून १८ पीएसआयपर्यंत उतरवायची, त्याचा आळस केला. ट्रॅक्शन कंट्रोलही चालूच ठेवलं. वाळूत चाक घसरलं की ते इंजिनाचा जोर काढून घेतं. मी ॲक्सिलरेटर आणखी दाबला, आणि गाडी पोटावर बसली. त्यात भरती लागलेली. एकाने ट्रॅक्टर लावून ओढून काढलं. पैसे घेईना. "त्या चाकोऱ्या तेवढ्या बुजवा," म्हणाला. जानेवारी म्हणजे कासवांच्या विणीचा हंगाम. ऑलिव्ह रिडलेचं पिल्लू दोन इंचांचंही नसतं. वीतभर चाकोरीत पडलं की समुद्र सोडून चाकोरीतूनच चालत राहतं, आणि कावळे टिपतात. फावडं मारताना हे कळलं, पण लेखात लिहिलं नाही, कारण फोटो झकास आला होता. तो आता काढलाय.

पण सड्याचं नाही पटलं. कशेळीच्या सड्यावर १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. रेषा जेमतेम काही सेंटिमीटर खोल, बहुतेकदा मातीने भरलेल्या. उंच सीटवरून मुळीच दिसत नाहीत. पावसाळ्यात त्याच 'नुसत्या कातळावर' सीतेची आसवं फुलतात. म्हणून आम्ही बैलगाडीची जुनी वाट सोडली नाही. मेव्हण्याला मोकळ्या कातळावर गिरक्या घेऊन व्हिडिओ करायचा होता. मी चावी काढून घेतली. तो अजून धड बोलत नाही.