कांजुरुहानमध्ये दोन गट भिडलेच नव्हते

फुटबॉलमधल्या हाणामाऱ्यांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. त्याचा सारांश असा: १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातल्या कांजुरुहान स्टेडियममध्ये अरेमा आणि पर्सेबाया या दोन क्लबांचे पाठीराखे एकमेकांवर तुटून पडले, १७४ माणसं मेली, पोलिसांचा नाइलाज झाला म्हणून त्यांनी अश्रुधूर सोडला, अश्रुधुराने कुणी मरत नाही, आणि अरेमा हा क्लब पहिल्यापासूनच गुंडांचा. यातली तारीख बरोबर आहे, जागा बरोबर आहे, क्लबांची नावंही बरोबर आहेत. बाकीचं एकेक करून खोडून काढायला हवं, कारण या खोट्याचा सगळा भार मेलेल्यांच्या डोक्यावर पडतो.

सगळ्यात मोठी चूक आधी घेतो. पर्सेबायाचे पाठीराखे त्या रात्री स्टेडियममध्ये नव्हतेच.

मलांग आणि सुराबाया ही पूर्व जावातली दोन शहरं. मध्ये जेमतेम नव्वद किलोमीटरचं अंतर. अरेमाचे पाठीराखे ‘अरेमानिया’ आणि पर्सेबायाचे पाठीराखे ‘बोनेक’ यांच्यातून विस्तव जात नाही, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. म्हणूनच पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना येऊ द्यायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. स्टेडियममध्ये ४२ हजारांहून जास्त माणसं होती आणि ती अरेमाची होती. भिडायला समोर दुसरा गटच नव्हता.

मग झालं काय? अरेमा २-३ ने हरला. आबेल कामाराने मध्यंतरापूर्वी दोन गोल करून बरोबरी साधून दिली होती, पण नंतर शो यामामोतोने पर्सेबायाचा तिसरा गोल केला. दोन दशकांहून अधिक काळात पर्सेबायाला अरेमाच्या मैदानावर जिंकता आलं नव्हतं, ते त्या रात्री जमलं. शेवटची शिट्टी झाल्यावर आधी एक-दोघं मैदानात उतरून आपल्या खेळाडूंपाशी गेले. त्यांच्यामागून आणखी उतरले, मग लोंढाच आला. त्यातले काही संतापाने बेभान होते, हाताला लागेल ते फेकत होते. पोलिसांच्या गाड्या उलटवल्या गेल्या, जाळल्या गेल्या. दोन पोलिसांचाही जीव गेला. पर्सेबायाच्या खेळाडूंना चिलखती गाड्यांतून बाहेर काढावं लागलं. यातलं काहीही मी झाकणार नाही. पण मैदानात उतरलेले फार तर तीन-एक हजार. माणसं मेली ती मुख्यतः स्टँडमधून बाहेर पडणाऱ्या दारांपाशी. त्यात घरून पोराबाळांना घेऊन आलेली, जागेवर बसून राहिलेली माणसं होती.

आकड्याचं थोडक्यात सांगतो. १७४ हा आकडा दुसऱ्या दिवशी सरकारी माणसांकडूनच आला होता. वेगवेगळ्या रुग्णालयांच्या याद्यांत तीच नावं दोनदा धरली गेली होती. त्याच दिवशी तो १२५ वर आणला गेला. पण तोही शेवटचा नव्हता. रुग्णालयात जखमी दगावत गेले आणि ऑक्टोबर संपता संपता आकडा १३५ वर थांबला. म्हणजे १७४ लिहिणारा चुकतो आणि १२५ लिहिणाराही चुकतो. त्या १३५ मध्ये चाळीसच्या आसपास अठरा वर्षांखालची मुलं होती.

आता ‘नाइलाज’ या शब्दाकडे येऊ. सगळ्या मजकुरात मला सगळ्यात जास्त खुपतो तो हाच.

सामना रात्री आठला होता. तो दुपारी साडेतीनला घ्यावा आणि प्रेक्षक ३८ हजारांपर्यंतच ठेवावेत, असं स्थानिक पोलिसांनी आधी सुचवलं होतं. लीग चालवणाऱ्या कंपनीने वेळ बदलली नाही. तिकिटं ४२ हजारांवर गेली. धोका आधीच दिसत होता आणि तो कागदावर लिहिलेला होता, इतकंच यातून कळतं. यात आयोजक म्हणून अरेमाचाही दोष आहे आणि तो मोठा आहे.

पण अश्रुधुराचं गणित वेगळं आहे. देशाच्या पोलीसप्रमुखांनी, लिस्त्यो सिगित प्रबोवो यांनी, ६ ऑक्टोबरला पत्रकार परिषदेत स्वतःच हिशेब मांडला: ११ पोलिसांनी नळकांड्या झाडल्या, सुमारे सात दक्षिण स्टँडकडे, एक उत्तर स्टँडकडे आणि तीन मैदानात. नीट वाचा. गडबड मैदानात होती आणि पोलिसांच्या स्वतःच्या हिशेबानेही अकरांपैकी आठ नळकांड्या स्टँडमध्ये बसलेल्यांवर गेल्या. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने त्या रात्रीच्या चित्रफिती एकमेकींशी ताडून पाहिल्या, तेव्हा दहा मिनिटांत किमान ४० नळकांड्या आणि तत्सम वस्तू झाडल्याचं निघालं. फिफाच्या स्टेडियम सुरक्षा नियमावलीच्या कलम १९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गर्दी आवरण्याचा वायू स्टेडियममध्ये वापरायचा तर नाहीच, जवळ बाळगायचाही नाही.

आता त्या दाराजवळ जाऊ. दक्षिणेकडच्या १३ क्रमांकाच्या दाराजवळ. डोळ्यांची आग होतेय, घशात काटे रुतल्यासारखं झालंय, वरून धूर उतरतोय, आणि खाली जायला एकच जिना. सगळे त्या जिन्याने उतरतात. तळाशी लोखंडी दार. पोलीसप्रमुखांनीच सांगितलं की दारं पूर्ण उघडलेली नव्हती, जेमतेम दीड मीटरची फट होती, दारावर असायला हवे होते ते सुरक्षारक्षक जागेवर नव्हते, आणि खाली उंबऱ्यावर पाच-एक सेंटिमीटर उंचीची लोखंडी पट्टी आडवी होती. पाच सेंटिमीटर म्हणजे करंगळीएवढं. एरवी कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण डोळे मिटलेल्या, मागून रेटल्या जाणाऱ्या माणसाचा पाय तिला अडखळतो, तो पडतो, त्याच्यावर दुसरा पडतो, आणि मागच्यांना पुढे काय झालंय ते दिसत नसतं. ते रेटतच राहतात. त्यांच्याही मागे धूर असतो.

म्हणून ‘अश्रुधुराने कुणी मरत नाही’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. पोलिसांच्या प्रवक्त्यांनीही तेव्हा हाच सूर लावला होता: मृत्यू प्राणवायू न मिळाल्याने झाले, धुराने नाही. गर्दीत माणूस बहुतेक वेळा पायदळी तुडवून मरत नाही. चहूबाजूंनी दाब आला की छातीचा पिंजरा फुगत नाही, आत घेतलेला श्वास बाहेर पडतो आणि पुढचा घेता येत नाही. काही मिनिटांत शुद्ध जाते. कित्येकदा माणूस उभ्याउभ्याच जातो. प्राणवायू मिळाला नाही हे खरंच. पण या माणसांना त्या जिन्यावर ढकललं कशाने? सरकारनेच नेमलेल्या, मंत्री महफूद एम. डी. यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन पथकाने १४ ऑक्टोबरला अहवाल दिला. त्यात या मृत्यूंचं मुख्य कारण म्हणून अश्रुधूरच नोंदवला आहे. फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांनी आणि कार्यकारिणीने पायउतार व्हावं, असंही त्यात म्हटलंय. झाडलेल्या काही नळकांड्यांची मुदत संपून गेली होती, हे तर पोलिसांनीच कबूल केलं.

असं आधी घडलं नव्हतं असंही नाही. १९६४ मध्ये लिमात पेरू आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यात स्टँडमध्ये अश्रुधूर सोडला, दारं बंद होती, ३२८ माणसं गेली. आणि इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियममध्ये १९८९ साली ९७ जणांचा जीव घेणाऱ्या गर्दीचं खापर दारुड्या पाठीराख्यांवर फोडलं गेलं. त्यांचा काही दोष नव्हता, हे न्यायचौकशीतल्या ज्युरींनी सांगेपर्यंत २०१६ उजाडलं. सत्तावीस वर्षं त्या आईबापांनी आपल्या मेलेल्या पोरांवरचा आरोप ऐकला. मलांगच्या आईबापांच्या वाट्याला तेच येतंय, आणि त्यात आपला एक फॉरवर्ड भर घालतो.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘पहिल्यापासूनच गुंडांचा क्लब’. इथे जरा थांबतो, कारण या क्लबची गोष्ट मुळात फार सुंदर आहे.

अरेमाची स्थापना ११ ऑगस्ट १९८७ ची. नाव ‘आरेक मलांग’वरून, म्हणजे मलांगची पोरं. आकुब झैनाल हे निवृत्त लष्करी अधिकारी, इरियन जाया या इंडोनेशियन प्रांताचे माजी गव्हर्नर, आणि त्यांचा मुलगा लकी, या दोघांनी क्लब उभा केला. शहराचा जुना पर्सेमा संघ होताच, पण अरेमा उतरला तो ‘गालातामा’ या खासगी क्लबांच्या लीगमध्ये. ऑगस्टमधला जन्म म्हणजे पाश्चात्य ज्योतिषात सिंह रास, म्हणून बोधचिन्ह सिंहाचं आणि टोपणनाव ‘सिंगो एदान’, वेडा सिंह. ‘सिंगो’ म्हणजे आपलाच सिंह, संस्कृतातून तिकडे गेलेला.

मलांगची आणखी एक खासियत आहे. तिथे शब्द उलटे करून बोलायची बोली आहे. ‘बोसो वालिकान’ म्हणजे उलटी भाषा (‘बोसो’ हीसुद्धा आपली ‘भाषा’च), आणि तिचं नावही उलटंच घ्यायचं: ‘ओसोब किवालान’. आपल्याकडे पोरं ‘च’ची भाषा बोलतात, त्याचीच ही जावातली बहीण, फरक इतकाच की तिथे मोठी माणसंही ती रोज बोलतात. मलांगचं ‘ङालाम’ होतं, आरेकचं ‘केरा’, दादा या अर्थाच्या ‘मास’चं ‘साम’. स्टँडमध्ये अनोळखी माणसाला ‘साम’ म्हटलं की तो आपला झाला. ऐंशीच्या दशकात मलांगमध्ये गल्लीगल्लीच्या टोळ्या होत्या, त्यांची पोरं एकमेकांचं डोकं फोडायची. त्याच पोरांना एका निळ्या रंगाखाली आणलं ते अरेमाने. त्यांची घोषणा ‘सालाम सातु जिवा’, एकजीव असल्याचा सलाम. ‘जिवा’ काय, ते मराठी माणसाला सांगायला नकोच.

पैशाची चणचण सतत. तरी १९९२-९३ मध्ये गालातामाचं विजेतेपद आलं. पुढे क्लब बेंतोएल या सिगारेट कंपनीकडे गेला, खालच्या श्रेणीत घसरला, पुन्हा वर आला, बेनी डोलो प्रशिक्षक असताना २००५ आणि २००६ असे सलग दोन वर्षं कोपा इंडोनेशिया जिंकला आणि रॉबर्ट आल्बर्ट्स यांच्या हाताखाली २००९-१० ची सुपर लीगही. मग देशातल्या फुटबॉल संघटनेत भांडणं लागली आणि अरेमाचेही दोन तुकडे झाले, दोन लीगमध्ये दोन अरेमा खेळू लागले.

हे पाठीराखे धुतल्या तांदळासारखे होते असं मी म्हणत नाही. जानेवारी २००८ मध्ये केदिरी शहरात त्यांनी मैदानात घुसून धुडगूस घातला आणि संघटनेने त्यांच्यावर बंदी आणली. ती बंदी रास्तच होती. पण २००८ चा धुडगूस हे २०२२ मध्ये जिन्यावर गुदमरलेल्या मुलाच्या मरणाचं कारण होऊ शकत नाही.

आणि ज्यांनी अरेमाच्या पाठीराख्यांना मारलं असं तो पुढे ढकललेला मजकूर सांगतो, ते बोनेक त्या आठवड्यात काय करत होते? सुराबायात हुतात्मा स्मारकापाशी जमून मलांगच्या मृतांसाठी प्रार्थना करत होते. योग्यकार्तात तर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचं तोंड न पाहणारे पीसिम, पर्सिस आणि पीएसएस या क्लबांचे पाठीराखे ४ ऑक्टोबरला एकाच जागी एकत्र आले.

न्यायाचं काय झालं, तेही सांगायला हवं. मार्च २०२३ मध्ये सुराबायाच्या न्यायालयाने अरेमाच्या सामना-आयोजन समितीच्या प्रमुखाला दीड वर्ष, सुरक्षा अधिकाऱ्याला एक वर्ष आणि तीन पोलीस अधिकाऱ्यांपैकी एकाला दीड वर्ष कैद दिली. उरलेले दोन पोलीस अधिकारी सुटले. त्यांच्यातल्या एकाबाबतीत धूर वाऱ्याने वाहत गेला, असं कारण निकालात होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून एकाला दोन आणि दुसऱ्याला अडीच वर्षांची शिक्षा दिली. १३५ जिवांच्या बदल्यातली ही सगळ्यात मोठी शिक्षा.

स्टेडियम नव्याने बांधून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. १३ क्रमांकाचं दार मात्र घरच्यांच्या आग्रहामुळे जपून ठेवलंय. मलांगच्या भिंतींवर त्या दिवसांपासून दोन शब्द रंगवलेले दिसत आलेत: ‘उसुत तुंतास’. शेवटपर्यंत छडा लावा.