खूण ठेवायची की पुसायची?

"खूण ठेवली की माणूस खणतोच," असं अण्णा म्हणाला आणि सोलापुरातल्या पार्क चौकातल्या कट्ट्यावरचं कुणी पुढचा तासभर उठलं नाही.

विषय काढला होता इंजिनियरनं. फिनलंडमध्ये ओल्किलुओतो नावाच्या बेटावर १९० कोटी वर्षं जुन्या खडकात, चारशे मीटरहून खोल भुयारं खोदली आहेत. त्या जागेला ओंकालो म्हणतात. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन तांब्याच्या जाड नळकांड्यांत घालायचं, भोवती बेंटोनाइट माती ठासायची आणि कायमचं पुरायचं. हिशोब धरलाय एक लाख वर्षांचा. त्या इंधनातलं प्लुटोनियम नुसतं निम्मं व्हायलाच २४,१०० वर्षं लागतात.

"एक लाख? काय सांगायलास बे!" पम्या म्हणाला. "आपल्या शालिवाहन शकाची अजून दोन हजार वर्षं भरली नाहीत."

तेवढ्यात अण्णानं ते वाक्य टाकलं. अण्णाचे घरचे यंत्रमाग आहेत, बोलतो कमी, पण बोलला की मागे हटत नाही. त्याचं म्हणणं असं की भुयार बुजवा, वर माती टाका, झाडं वाढू द्या आणि विसरून जा. चारशे मीटर खाली चुकून कोण जाणार? पण वर दगड उभे केले, त्यावर गूढ अक्षरं कोरली, तर हजारो वर्षांनी येणारा माणूस एकच अर्थ काढेल. गुप्तधन! पडक्या देवळातला नंदी उलथून खाली खणणारे लोक आपण पाहतोच की.

हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जगातले जाणकार याच प्रश्नाशी झुंजले आहेत. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत १९९९ पासून अण्वस्त्रांच्या कामातला कचरा ६५५ मीटर खाली मिठाच्या थरात ठेवतात. तिथं दहा हजार वर्षं टिकेल असा इशारा कसा द्यायचा, यावर १९९३ मध्ये तज्ज्ञांचा अहवाल आला. जमिनीतून वर आलेले अक्राळविक्राळ काटे उभारा, भीतीचे चेहरे कोरा, संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत आणि तिथल्या नावाहो भाषेत मजकूर लिहा, अशा सूचना त्यात आहेत. इथं मौल्यवान काही नाही, घातक आहे, एवढंच त्यांना सांगायचंय. ते कसं सांगावं यासाठी एवढा खटाटोप.

मास्तर तोवर गप्प होते. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेत. म्हणाले, "आपल्याकडं हे करून झालंय. गधेगाळ माहीत आहे ना?"

शिलाहार-यादवांच्या काळात राजा जमीन दान द्यायचा तेव्हा शिळा उभी करायचा. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्रीचं शिवीसारखं चित्र. दान मोडशील तर तुझ्या घरच्या बाईची ही गत होईल, अशी धमकी. अक्षरओळख नसणाऱ्यालाही कळावं म्हणून चित्र. अलिबागजवळच्या अक्षीचा असा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे हजार वर्षं झाली. "आज काय झालंय त्या दगडांचं?" मास्तरांनी विचारलं. "कुठं शेंदूर फासून पूजा चाललीय, कुठं अपशकुनी म्हणून शिवाराबाहेर लोटलाय. ज्यानं दूर राहायचं, तोच नारळ फोडायलाय."

मग ते आपल्या जिल्ह्यावर आले. भीमा-सीनेच्या संगमावरच्या हत्तरसंग कुडलच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख आहे. 'वाछि तो विजेयां होईवा' ही त्यातली ओळ. जो वाचील तो विजयी होईल, असं कोरून ठेवलं आणि शतकानुशतकं लोक त्याच देवळात दर्शन घेऊन गेले. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी नेटानं पाठपुरावा केला तेव्हा तो लेख जगापुढं आला. दगड टिकला होता, वाचणारा राहिला नव्हता.

"झालं की मग माझंच खरं," अण्णा म्हणाला.

इथं मी मध्ये पडलो, कारण विसरून जायचा हा सल्ला मला पटत नाही, आजही नाही. वीज आपण वापरायची आणि मागे काय पुरलंय ते पुढच्यांना सांगायचंही नाही, हा अन्याय आहे. शिवाय नुसतं कुणी खणू नये एवढाच प्रश्न नसतो. जर्मनीत आस्से नावाच्या जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात किरणोत्सर्गी कचऱ्याची सव्वा लाखावर पिंपं टाकली. आता खाणीत पाणी झिरपतंय आणि ती पिंपं बाहेर काढायची वेळ आलीय. काढणाऱ्याला कुठल्या कप्प्यात काय ठेवलंय ते कळायला नको? पुढच्यांना दुरुस्तीही करावी लागेल, आणि त्यासाठी कागद लागतील.

इंजिनियरनं मग सेबेओक या भाषाशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्यानं १९८४ मध्ये सुचवलं होतं की ही माहिती जपणारी एक परंपराच उभी करावी. जुने जातील तसे नवे निवडायचे, दंतकथा आणि विधी यांतून लोकांना त्या जागेपासून लांब ठेवायचं. त्याला त्यानं अणूचं पुरोहितपण असं काहीसं नाव दिलं होतं.

"म्हणजे आपली गड्ड्याची यात्रा!" पम्या ओरडला.

माझ्या मते त्या रात्रीचं सगळ्यात मोलाचं बोलणं हेच. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापूरभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, अशी आपली परंपरा सांगते. मधल्या काळात राज्यं बदलली, भाषा बदलल्या, गिरण्या आल्या आणि गेल्या, पण त्या अडुसष्ट जागा हरवल्या नाहीत. कारण दर संक्रांतीला, या गड्ड्याच्या यात्रेत, सात नंदीध्वज खांद्यावर घेऊन माणसं तेलाभिषेकाला चालत निघतात. कुणी कुठला ध्वज धरायचा, कुठून वळायचं, मान कुणाचा, हे घराघरांत ठरलेलं आहे. ते काम कुणाच्या तरी नावावर आहे.

मास्तरांनी तिथंही खोट काढली, आणि ती खरी आहे. जागा पाठ राहिल्या, पण एकेक लिंग नेमकं तिथंच का, हे विचारलं तर किती जणांना सांगता येईल? विधी जागा जपतो, कारण गाळतो. आणि कचऱ्याच्या बाबतीत कारणच महत्त्वाचं. नाहीतर गधेगाळासारखं व्हायचं, भुयाराच्या तोंडाशी यात्रा भरायची.

म्हणून मला फ्रान्सचा मार्ग जवळचा वाटतो. नॉर्मंडीतलं त्यांचं ला मांश हे साठवण केंद्र १९९४ मध्ये भरून बंद झालं. त्याची सगळी कागदपत्रं टिकाऊ कागदावर छापून एक प्रत तिथं आणि एक राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवली. थोडक्यात सांगणारी प्रत आसपासच्या नगरपालिकांना दिली. शिवाय बाहेरच्या लोकांना बसवून, या कागदांवरून उत्तरं सापडतात का, याची परीक्षाही घेतली. लिहिलेलं कुणीतरी वाचून बघतंय, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं तारापूर, तुर्भे, कल्पाक्कम इथं जहाल कचरा काचेत गोठवतात; खोल पुरण्याचं भुयार अजून नाही. म्हणजे कागद आणि माणसं दोन्ही नीट लावायला आपल्याला वेळ आहे.

"लाख वर्षांचं सोडा," इंजिनियर म्हणाला, "आपल्याला पंचवीस वर्षं लक्षात राहत नाही." आणि त्यानं मायापुरीची हकिकत सांगितली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ असलेलं एक यंत्र होतं. १९८५ पासून ते कुणी वापरलं नव्हतं. त्याची माहिती असणारे निघून गेले आणि २०१० मध्ये यंत्र लिलावात भंगारात विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते फोडलं. अनेकांना किरणोत्सर्ग बाधला, एक जण मेला. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ मध्ये हेच झालं होतं. बंद दवाखान्यातलं यंत्र भंगारात गेलं, चार माणसं गेली, त्यात एक लहान मुलगी.

पम्या एकदम शांत झाला. त्याच्या घरचा धंदा भंगाराचा. "त्यावर खूण नव्हती का?" त्यानं विचारलं.

खूण असते. पिवळ्यावर तीन पाकळ्यांची, १९४६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत तयार झालेली. पण न शिकलेल्या माणसाला ती पंख्यासारखी दिसते. म्हणून २००७ मध्ये नवी खूण आली: लाल त्रिकोण, वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ती ठरवण्याआधी अकरा देशांत लोकांना दाखवून पाहिली होती.

इंजिनियरनं मोबाइलवर काढून दाखवली. पम्या म्हणाला, दोन्ही खुणा मोठ्या छापून दे, वजनकाट्याजवळ लावतो. अण्णानं लगेच अडवलं, "चार महिन्यांत त्यावर दिनदर्शिका टांगशील बे." मग ठरलं ते असं: पम्याच्या आवारात खंडेनवमीला वजनकाटा, कटर, टेम्पो सगळ्यांची पूजा होते, सगळे कामगार हजर असतात. त्या दिवशी मास्तर येणार आणि खूण दाखवून मायापुरीत काय झालं ते कारणासकट सांगणार. पुढच्या वर्षी ते कामगारांपैकीच एकानं सांगायचं, मास्तरांनी फक्त ऐकायचं आणि चुकलं तिथं अडवायचं. कानडी आणि तेलुगू बोलणारे कामगार आहेत, त्यांना त्यांच्या भाषेत सांगायचं काम अण्णानं पत्करलं. भुयारावर दगड उभारू नये, हे मत मात्र त्यानं सोडलेलं नाही.