बांध राखायचा कोणी?

गोव्यातील हवामानविषयक वाद परदेशातून वाचताना एक गोष्ट मला सतत खटकते. वीजवाहिनी मोलेच्या जंगलातून न्यावी की नाही, मुरगाव बंदरात कोळसा उतरवावा की नाही, खाजनात (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या शेतजमिनीत) वाढलेली खारफुटी राखावी की काढून पुन्हा भात पिकवावे, हे प्रश्न आपण वेगवेगळे, ज्याच्या त्याच्या आंदोलनापुरते मांडतो आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वादात कोणीतरी युरोपचा दाखला देतो. एक बाजू सांगते की तिकडचे देश वारा आणि सूर्य यांच्या जोरावर चालू लागले आहेत, तेव्हा आपणही तेच करावे. दुसरी बाजू सांगते की ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कोळसा जाळून श्रीमंती मिळवली, त्यांनी आम्हाला उपदेश करू नये. मी अनेक वर्षे नेदरलँड्समध्ये राहते आहे, आणि हे दोन्ही दाखले अपुरे आहेत असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. भारताचे दरडोई कार्बन उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन, तर नेदरलँड्सचे त्याच्या तिपटीहून अधिक आहे. या देशाने १९५९ मध्ये ग्रोनिंगेन येथे सापडलेल्या नैसर्गिक वायूवर कित्येक दशके घरे उबदार ठेवली आणि त्या उपशामुळे भूकंपाचे धक्के बसून लोकांच्या भिंतींना तडे जाऊ लागल्यावरही उपसा पुरता थांबायला अनेक वर्षे गेली. इथले सरकार स्वतःहून शहाणे झाले असेही नाही. नागरिकांनी न्यायालयात खेचल्यामुळे, १९९० च्या तुलनेत उत्सर्जन २०२० पर्यंत किमान २५ टक्क्यांनी घटवलेच पाहिजे, असा निवाडा २०१९ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. रॉटरडॅम बंदरात आजही कोळसा उतरतो आणि नदीमार्गे जर्मनीतील कारखान्यांकडे जातो. मुरगावला उतरणारा कोळसा कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो, त्याहून हे चित्र फारसे वेगळे नाही. वास्कोतील ज्या घरांच्या खिडक्यांवर काळी भुकटी बसते, तिथल्या माणसाला युरोप स्वच्छ झाला असे सांगणे म्हणूनच मला पटत नाही.

तरीही इथे काही घडले आहे. देशातील निम्म्याच्या आसपास वीज आता नवीकरणीय स्रोतांतून येते, समुद्रात पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत आणि साधारण दर तिसऱ्या घरावर सौरपट्ट्या दिसतात. मात्र या प्रगतीच्या पोटी आलेली अडचण आपल्याकडच्या वादात कधी ऐकू येत नाही. वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्या वेळेत वाढवल्या गेल्या नाहीत, त्यामुळे जोडणीसाठी उद्योग आणि संस्था रांगेत ताटकळत आहेत आणि घरमालक दुपारी तयार केलेली वीज ग्रिडला देऊन संध्याकाळी तेवढीच परत घेण्याची सवलत १ जानेवारी २०२७ पासून बंद होणार आहे. भारताने २०२५ मध्ये आपल्या स्थापित वीजक्षमतेचा अर्धा वाटा जीवाश्म इंधनांपलीकडे नेला, तोही ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण प्रत्यक्षात निर्माण होणाऱ्या विजेचा मोठा हिस्सा अजून कोळशातूनच येतो, आणि गोव्यासारखे जे राज्य बहुतेक वीज बाहेरून आणते, त्याला वाहिन्यांवाचून गत्यंतर नाही. पावसाळ्यात छपरांवरची सौरवीज घटते, तेव्हा राजस्थान-गुजरातची वीज गोव्यात येणार ती तारांवरूनच. प्रत्येक वीजवाहिनीला विरोध म्हणजे निसर्गरक्षण, ही समजूत म्हणून मी स्वीकारू शकत नाही.

मोलेच्या लोकांनी मात्र प्रत्येक वाहिनीला विरोध केला नव्हता, हेही तितकेच खरे आहे. छत्तीसगडमधील तमनारशी जोडलेल्या प्रकल्पाची ही वाहिनी नवे जंगल तोडून का, असा त्यांचा प्रश्न होता. २०२० मध्ये साथीच्या काळात तरुणांनी हा विषय लावून धरला, त्याच वर्षी नोव्हेंबरात रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाविरुद्ध चांदरला लोक रुळांवर रात्रभर बसले, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, तर वीजवाहिनी अस्तित्वात असलेल्या वाहिनीच्या पट्ट्यातून नेण्याचा पर्याय मान्य केला. पर्याय होता, पण तो विचारात घ्यायला आंदोलन आणि न्यायालय लागले. जमिनीचा निर्णय जमिनीवरच्या माणसांना विचारून घ्यायचा, ही साधी व्यवस्था आपल्याकडे मोडली आहे, आणि माझ्या मते गोव्यातील सगळ्या हवामानवादांचे मूळ तिथे आहे.

नेदरलँड्सकडून घेण्यासारखे जे आहे, ते या बाबतीतले आहे. या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि त्याची राखण पाणीमंडळे करतात. यातील सर्वांत जुनी मंडळे तेराव्या शतकातली, म्हणजे आजच्या डच राज्याहून कितीतरी जुनी आहेत. आज अशी २१ मंडळे आहेत. त्यांच्या निवडणुका होतात, त्यांना स्वतःचा कर वसूल करण्याचा अधिकार आहे आणि तो पैसा बांध, कालवे, पंप आणि सांडपाण्याची शुद्धी यांवरच खर्च होतो. १९५३ च्या महापुरात १,८३६ माणसे बुडाल्यावर केंद्र सरकारने प्रचंड बांधकामे हाती घेतली खरी, पण रोजची देखरेख मंडळांकडेच राहिली.

अनेक मंडळांकडे स्वयंसेवकांची बांधपहारा पथके आहेत, आणि मी अशाच एका पथकात आहे. प्रत्येक जोडीला बांधाचा एक ठरावीक पट्टा नेमून दिलेला असतो. पाणी चढले की बांधाच्या आतल्या बाजूने, पायथ्याच्या गवतातून चालत जायचे आणि जमीन कुठे पाझरते ते पाहायचे. पाझर निवळ असेल तर नोंद करून पुढे जायचे. पाण्याबरोबर वाळू येत असेल तर तिथेच थांबून ताबडतोब कळवायचे, कारण बांध आतून पोखरला जात असल्याची ती खूण असते. कडक उन्हाळ्यातही फेरी असते. २००३ च्या ऑगस्टमध्ये विल्निस गावातील पीट म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा बांध पुराने नव्हे, तर कोरड्या पडून हलक्या झालेल्या मातीमुळे सरकला होता, म्हणून तशा बांधांवर भेगा शोधाव्या लागतात. बांधात बिळे करणाऱ्या मस्करॅट नावाच्या घुशीसारख्या प्राण्याला पकडायला तर मंडळांनी पगारी माणसे नेमलेली आहेत.

हे काम करताना मला आमच्या तिसवाडीतील खाजने आठवणे अगदी स्वाभाविक आहे, कारण तिथे हेच सर्व होते. सहाव्या शतकातील ताम्रपटात खाजन जमिनीचा उल्लेख आढळतो. चिखल, पेंढा आणि चिरे यांचे बांध, बांधात मानस म्हणजे पाण्याची ये-जा राखणारे दार, आत पाणी साठवणारी पोंय आणि वरच्या अंगाला भात. मानशीची लाकडी दारे भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पाऊस मातीतले मीठ धुऊन काढतो आणि कोरगुटासारखे खारटपणा सोसणारे भात उभे राहते. कुर्ल्यांनी पाडलेली भोके बुजवण्यापासून फुटलेला बांध रातोरात सांधण्यापर्यंतची जबाबदारी गावकरीची, म्हणजे गावाच्या सामुदायिक संस्थेची (कोमुनिदादीची) होती, आणि त्यासाठीचा पैसाही गावकरीकडेच होता. नेदरलँड्सने समुद्राशी व्यवहार करण्याची जी पद्धत जगाला दाखवली, तिच्या तोडीची पद्धत आपल्या मांडवी-जुवारीच्या काठी शतकानुशतके चालत आली आहे, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते.

ती मोडली कशी, याची कारणे गावातली वयस्क मंडळी नेमकी सांगतात. मुक्तीनंतर १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला न्याय मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण बांधांची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघटनांकडे आली तेव्हा पैसा आणि अधिकार तेवढ्या प्रमाणात आले नाहीत. मानशीतील मासेमारीची पावणी म्हणजे लिलाव होतो, आणि ज्याला ती मिळते त्याचा फायदा आत खारे पाणी अधिक काळ ठेवण्यात असतो, तर शेतकऱ्याचा फायदा ते वेळेवर बाहेर काढण्यात असतो. या ओढाताणीत अनेक ठिकाणी शेत हरले. खनिजाच्या बार्जेसच्या लाटांनी नदीकाठचे बांध झिजवले. तरुण नोकरीसाठी बाहेर पडले, मीही पडले. एकदा मोठे भगदाड पडले आणि ते एका पावसाळ्यात बुजवले नाही, की खारे पाणी आत ठाण मांडते आणि काही वर्षांत भाताच्या जागी खारफुटी उभी राहते.

इथे येऊन गोव्यातील पर्यावरणवादी आणि शेतकरी एकमेकांसमोर उभे ठाकतात. कायद्याने खारफुटीला संरक्षण आहे, त्यामुळे बांध पुन्हा बांधायचा म्हटले तरी आतली झाडे तोडता येत नाहीत, आणि नकाशावर मात्र ते हिरवे क्षेत्र वाढल्यासारखे दिसते. खारफुटीच्या मुळांत मासे वाढतात, तिच्या चिखलात कार्बन शतकानुशतके साठून राहतो, हे सर्व खरे आहे, आणि चोडणच्या पक्षी अभयारण्यातील तिवरांचे जंगल जपलेच पाहिजे. पण खाजनात खारफुटीची जागा बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगाला आहे, जिथे ती लाट मोडते आणि बांध वाचवते. बांधाच्या आत वाढलेली खारफुटी हे बहुतेक वेळा पुनरुज्जीवनाचे नव्हे, तर हेळसांडीचे लक्षण असते, असे मला वाटते. काही खाजने कायमची सोडून दिली गेली आहेत, तिथे खारफुटी राहू द्यावी. मात्र ते गावाने बसून ठरवावे. झीलंड प्रांतातील हेडविगे पोल्डर ही सुमारे ३०० हेक्टर शेतजमीन २०२२ मध्ये बांध फोडून भरतीला परत देण्यात आली. त्याचा करार २००५ चा होता, मधली वर्षे संसदेत, न्यायासनांसमोर आणि गावागावांत भांडण्यात गेली. १९५३ ची आठवण असलेल्या शेतकऱ्यांना तो निर्णय अजूनही मान्य नाही, पण समुद्राला जमीन कुठे द्यायची हे तिथे निदान उघडपणे ठरले, कोणी बांध दुरुस्त न केल्यामुळे आपोआप ठरले नाही.

या पार्श्वभूमीवर स्वयंसेवेचा प्रश्न येतो. दरवर्षी जूनच्या सुमाराला शाळा-महाविद्यालयांची मुले चिखलात उतरून कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या एका जातीच्या, शेंगा रोवतात, त्यांची छायाचित्रे मला इथे येतात आणि मला त्यांचा खरोखर अभिमान वाटतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या मिष्टी योजनेमुळे अशा लागवडीला आणखी जोर येईल. परंतु कांदळाची शेंग झाडावरच रुजून खाली पडते आणि योग्य उंचीवर चिखल मिळाला तर स्वतःच उभी राहते. ओहोटीला फार थोडा वेळ उघड्या पडणाऱ्या सपाट चिखलात ती रोवली, तर बहुधा मरते, आणि ज्या चिखलात खुबे वाढतात व पक्षी चरतात तो चिखलही बिघडतो. पाण्याची ये-जा मोकळी केली तर पुष्कळ ठिकाणी लागवडीची गरजच उरत नाही. मुलांच्या हातांना याहून मोलाचे काम आहे. पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधावरून चालणे, भोके आणि पाझर नोंदवणे, मानशीचे दार नीट मिटते का ते पाहणे, बांधाच्या बाहेरची रोपे गुरांनी आणि वाहून आलेल्या प्लास्टिकने दाबली गेली असतील तर मोकळी करणे, आणि हे एकाच पट्ट्यावर वर्षानुवर्षे करणे. त्यात समारंभ नसतो, पण बांध टिकतो.

असा पहारा उभा करायचा, तर त्याची नोंद घेणारे आणि लगेच माती टाकणारे कोणीतरी असले पाहिजे. आज बांधाला भोक दिसले तर कुळांची संघटना, पंचायत, कोमुनिदाद आणि सरकारी खाती यांपैकी कोणाकडे जायचे, यातच आठवडा जातो आणि भरती आठवडाभर थांबत नाही. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेने गोव्यातील खाजन जमिनींसाठी वेगळी तरतूद करून त्यांच्या व्यवस्थापनाचा आराखडा तयार करायला सांगितले होते; त्या आराखड्यांना गावपातळीवरचे एक निवडलेले मंडळ, स्वतःचा निधी आणि बांधापुरता अंतिम अधिकार जोडून द्यावा, अशी माझी मागणी आहे. पावणीची रक्कम आधी बांधावर खर्च व्हावी, आणि मानस कधी उघडायची, कधी मिटायची याची अट पावणीच्या करारात लिहिलेली असावी, म्हणजे पाणी किती दिवस आत ठेवायचे हे पावणी घेणारा एकटा ठरवणार नाही. हवामानबदलाच्या नावाने येणाऱ्या निधीतील पहिला हिस्सा या मंडळांना मिळावा, बांध फुटल्यावर नव्हे, तर दरवर्षी पावसाआधी.