पहिला टर्मिनेटर की दुसरा

टर्मिनेटर ह्या इंग्लिश पिक्चरचा दुसरा भाग (1991) नुसता कॉम्प्युटर ग्राफिक्सवर चालला असं एका लेखात लिहिलंय, ते काय पटलं नाही बगा. निपाणीला मावसभावाच्या घरात परत बघितलो, लगेच 1984 चा पहिला पण. अख्ख्या दुसऱ्या पिक्चरमधे कॉम्प्युटरचं काम पाचेक मिनिटांचंच हाय, बाकी इफेक्टवाल्या स्टॅन विन्स्टनच्या टीमच्या बाहुल्या, मेकप आणि चक्क जुळी माणसं! हॉस्पिटलातला गार्ड आणि रूप बदलणाऱ्या व्हिलन रोबोटनं केलेली त्याची कॉपी म्हणजे खरेच जुळे भाऊ, शेवटी दोन सारा (पिक्चरची हिरोईन) दिसतात तिथं साराचं काम करणाऱ्या लिंडा हॅमिल्टनची जुळी बहीण उभी केलीय, आता ह्याला ग्राफिक्स म्हणायचं काय.

पण भीती पहिल्यातच जास्त वाटते, कमी पैशात केलेला, बहुतेक सगळा रात्रीचा, खुनी रोबोट झालेला अर्नोल्ड बोलतच नाही जास्त, आणि शेवटी त्याचा लोखंडी सांगाडा लंगडत येतोय तेव्हा स्टॉप मोशनचे (बाहुली थोडी थोडी हलवून एकेक फोटो काढतात ते) झटके दिसतात पण तेच अंगावर येतंय की. दुसऱ्यात अर्नोल्ड चांगला झाला, साराच्या पोराशी दोस्तीबिस्ती, तिथं जरा हिंदी पिक्चर होतंय. मावसभाऊ म्हणतोय दुसऱ्यातला ट्रकचा पाठलाग बघ आणि मग बोल. असू दे, तो सीन मी पण मागं घेऊन बघितलो. सारा मात्र दुसऱ्यातलीच भारी, पहिल्यातली वेट्रेस पोरगी हीच काय असं वाटतंय.